सिनेमा नेमका कुठं मोडला, ते शोधायची वही

माझा भाचा बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला आहे. २०२३ च्या नवरात्रात मी निपाणीहून चार दिवस त्याच्याकडं अनगोळला गेले होते. पहाटे त्याची दुर्गामाता दौड, दिवसभर शिफ्ट, आणि त्यातनं एक संध्याकाळ काढून त्यानं मला थिएटरात ‘लिओ’ दाखवला. विजयचा, लोकेश कनगराजनं दिग्दर्शित केलेला, त्याच आठवड्यात, १९ ऑक्टोबरला आलेला. १६४ मिनिटांचा सिनेमा. बाहेर येऊन गाडी काढताना तो म्हणाला,

“आत्ती, फस्ट हाफ लई भारी गं. सेकंड हाफ निस्ता पकाव.”

“कुठनं पकाव झाला?”

“कुठनं म्हंजे? सगळाच की.”

“तुमच्यात कास्टिंग रिजेक्ट झालं तर रजिस्टरात ‘पकाव’ असं लिवतोस व्हय रे?”

घरी पोचेपर्यंत तो गप्प होता. फाउंड्रीत असं चालत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ब्लो होल, म्हणजे वायूनं पडलेलं भोक, दिसला तर वाळू जास्त ओली होती का, साच्यातल्या वायूला बाहेर पडायला वाट होती का, ते बघतात. आत पोकळी सापडली तर रायझर, म्हणजे गार होताना आकसणाऱ्या नगाला रस पुरवणारा वरचा साठा, कमी पडला का, ते बघतात. दोष कुठं आहे यावरनं तो का आला हे कळतं, आणि मगच पुढचा नग सुधारतो. जेवताना मी त्याला म्हटलं, सिनेमालाही हाच न्याय लाव. त्या रात्री त्याला जी पद्धत सांगितली तीच इथं सविस्तर लिहिते. अर्धा जमलेला आणि अर्धा फसलेला सिनेमा पाहून ज्यांना त्यावर दोन पानं नीट लिहायची आहेत, त्यांच्यासाठी.

माझं निपाणीत स्टँडजवळ टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाची वही ठेवायची सवय मला फार वर्षांपासूनची. तमिळ ॲक्शन थ्रिलर माझ्या विशेष आवडीचे, आणि सगळ्यात जास्त पानं त्यांनीच खाल्ली आहेत, कारण हे सिनेमे एकाच ताटात खूप काही वाढतात. घरसंसार, गुन्हेगारी टोळी, गाणी, हिरोची एंट्री, जुन्या सिनेमांचे धागे. सणाच्या सुट्टीत आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एकत्र बघावेत म्हणून ते तसे बांधलेले असतात. मध्यंतराच्या आधीचा मोठा प्रसंग तर खास घडवतात, तमिळ सिनेमावाले त्याला ‘इंटरव्हल ब्लॉक’च म्हणतात. सगळा जोर त्या टोकाला लावला की पुढच्या तासाभराला पुरेल एवढा जोर उरतोच असं नाही. म्हणून असे सिनेमे वरखाली होतात. एकसारखा वाईट सिनेमा बघून काही शिकायला मिळत नाही. वरखाली होणाऱ्या सिनेमातनं भरपूर मिळतं.

आधी कान तयार करा

डब केलेला बघू नका, असं मी म्हणणार नाही. घरात म्हातारी माणसं असतील तर डबच लावा. पण ज्यावर लिहायचं आहे तो सिनेमा एकदा तरी मूळ तमिळमध्ये, सबटायटल लावून बघा. हिरोचा आवाज दुसऱ्याचा असेल तर त्याच्या अभिनयावर तुम्ही काय लिहिणार?

आणि तमिळला घाबरू नका. आपण सीमाभागातली माणसं. घरी मराठी, बाजारात, कचेरीत आणि बसमध्ये कन्नड. तो कान इथं फार कामाला येतो. कन्नडात दूध म्हणजे हालु, तमिळमध्ये पाल. दहाला कन्नडात हत्तु, तमिळमध्ये पत्तु. नावाला हेसरु, तिकडं पेयर. जुन्या कन्नडमधल्या ‘प’चा पुढं ‘ह’ झाला आणि तमिळनं ‘प’ तसाच ठेवला. ‘ये’ म्हणायला आपण कन्नडात ‘बा’ म्हणतो, ते म्हणतात ‘वा’. इल्ला आणि इल्लै तर जवळजवळ एकच. माझ्या शेजारच्या अक्का कन्नड बोलणाऱ्या. त्यांच्यासोबत दोन-तीन तमिळ सिनेमे बघितले, आणि त्या मधेमधे “अरे, हे तर आमचंच” म्हणत राहिल्या. तेव्हा हे माझ्या लक्षात आलं.

एवढा कान तयार झाला की सबटायटलमधनं गळलेलं सापडायला लागतं. तमिळमध्ये एकेरीला ‘नी’ आणि मान द्यायचा असेल तर ‘नींग’, कन्नडातल्या नीनु-नीवुसारखं. इंग्रजी सबटायटलमध्ये दोन्हीला एकच शब्द येतो. खलनायक मान देऊन बोलता बोलता अचानक एकेरीवर आला तर तो धक्का खालच्या ओळीत दिसत नाही, तो ऐकावा लागतो. असं जिथं ऐकू येईल तिथं वहीत खूण करा. धमकी बऱ्याचदा तिथनंच सुरू होते.

पहिल्यांदा वही नको, दुसऱ्यांदा वहीशिवाय नको

पहिल्यांदा सिनेमा प्रेक्षक म्हणून बघा. मोबाइल खिशात, वही घरी. हसू आलं तर हसा, शिट्टी वाजवावीशी वाटली तर वाजवा. बाहेर आल्यावर मात्र कुणाशी बोलायच्या आधी पाच ओळी लिहून काढा. बोलल्यावर लिहिलंत तर त्या तुमच्या ओळी राहत नाहीत, सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्याच्या होतात. माझ्या भाच्याचा ‘पकाव’ त्याचा स्वतःचा नव्हताच. तो शब्द त्यानं जिन्यात पुढं चालणाऱ्या पोरांच्या तोंडून उचलला होता. मी मागं होते, मी ऐकलं होतं.

दुसऱ्यांदा घरी, घड्याळासकट. ‘लिओ’ नोव्हेंबरमध्ये नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा आम्ही तो परत बघितला. पानावर दोन रेघा मारून तीन रकाने करा. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात पडद्यावर काय चाललंय ते पाच-सहा शब्दांत, तिसऱ्यात तुमच्या पोटात काय झालं ते एका शब्दात. घट्ट, सैल, भीती, हसू, कंटाळा, रडू. ‘चांगलं’ आणि ‘वाईट’ हे शब्द तिसऱ्या रकान्यात लिहायला मी सक्त मनाई करते. ते निकाल आहेत, आणि निकाल शेवटी लागतो.

पान भरल्यावर फक्त तिसरा रकाना वरून खाली वाचा. घट्ट, घट्ट, भीती, घट्ट असं चाललेलं असतं आणि एका ठिकाणी सैल येतं, लगेच परत सैल, मग कंटाळा. बोट ठेवायचं ते पहिल्या ‘सैल’वर. ‘कंटाळा’वर नव्हे. ताप चढलेला दुपारी कळतो, पण पावसात आपण सकाळीच भिजलेलो असतो.

(आता गोष्ट सांगावी लागणार आहे. ‘लिओ’ पाहिला नसेल तर आधी पाहून या.)

सिनेमानं तुम्हाला कुठला प्रश्न दिला?

थ्रिलर चालतो तो प्रश्नावर. तो प्रश्न एका वाक्यात लिहून काढल्याशिवाय पुढं जाऊ नका. ‘लिओ’त हिमाचलमधल्या थिओग गावात पार्थिबन नावाचा माणूस कॅफे चालवतो. बायको सत्या, एक मुलगा, एक लहान मुलगी. एका रात्री काही निर्दय लुटारू कॅफेत शिरतात आणि मुलीला, कामावरच्या माणसांना वाचवताना पार्थिबन त्या सगळ्यांना मारून टाकतो. त्याचा फोटो पेपरात छापून येतो. तो पाहून अँटनी दास आपली टोळी घेऊन थिओगला येतो. त्याचं म्हणणं, हा माझाच मुलगा, लिओ. पार्थिबन म्हणतो, मी तो नव्हे.

भाच्यानं प्रश्न लिहिला, ‘तो लिओ आहे का?’ बरोबर आहे, पण अपुरा. मी त्याला विचारलं, “ते कळल्यावर सगळ्यात जास्त कुणाचं मोडणार?” तो थोडा थांबला. “सत्याचं.” मग खरा प्रश्न असा, की जिच्यासोबत इतकी वर्षं संसार केला तिला नवरा कोण हे माहीत आहे का? हा सिनेमा सुरुवातीलाच आपलं ऋण सांगतो. डेव्हिड क्रोनेनबर्गचा २००५ चा ‘अ हिस्टरी ऑफ व्हायोलन्स’. त्यातही लहान गावात खानावळ चालवणारा घरंदाज माणूस आहे, आणि त्यातही सगळ्यात जड भार बायकोच्या मनावर पडतो. म्हणजे ‘लिओ’नं प्रश्न चांगल्या घरचा आणला होता. त्याचं पुढं काय केलं, तेवढंच बघायचं.

पहिल्या भागात तो प्रश्न जिवंत राहतो, आणि त्याचं सगळ्यात मोठं श्रेय मी विजयला देते. एका प्रसंगात बायकोपुढं त्याचा बांध फुटतो. मी कुणासारखा दिसतो यात माझा काय दोष, असा त्याचा आक्रोश आहे. मोठ्या पडद्यावर ज्याला लोक देवासारखं बघतात तो माणूस तिथं घाबरलेला, दमलेला, चाळिशी ओलांडलेला बाप दिसतो. सत्या झालेली त्रिशा त्याच्याकडं बघते आणि तिच्या चेहऱ्यावर विश्वास आणि शंका दोन्ही एकदम आहेत. तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं, ‘रडू’. दुसऱ्यांदा बघतानाही तेच लिहिलं. दोन्ही वेळा तोच शब्द आला तर ती त्या सिनेमाची ताकद. निःशंक लिहा.

मारामारी कशी तपासायची

‘फायटिंग भारी’ हे वाक्य कुणीही लिहील. मारामारी बघताना मी एवढंच विचारते, की कोण घाबरलंय? आणि ही संपल्यावर गोष्टीत काही बदललं का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर तो प्रसंग काढून टाकला तरी सिनेमा उभा राहतो, आणि मग तो तिथं कशाला होता हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

कॅफेचा प्रसंग याच कसोटीवर घ्या. बाहेर बर्फ, रात्र, दुकान बंद करायची वेळ. आलेल्यांपैकी एकाला चॉकलेट कॉफी हवी आहे, आणि तो ती ज्या तऱ्हेनं मागतो त्यातच कळतं की हा माणूस ठिकाणावर नाही. मिष्किन आणि सॅंडी या दोघांनी तिथं फार अंगावर येणारी माणसं उभी केली आहेत. पार्थिबन लगेच हात उचलत नाही. आधी समजूत घालतो, जे हवं ते घेऊन जा म्हणतो. आणि हे सगळं लहान पोरीदेखत. प्रत्येक मिनिटाला त्याच्यापुढचा एकेक दरवाजा बंद होत जातो, आणि शेवटचा बंद झाल्यावरच बंदूक त्याच्या हातात येते. दुकान चालवणारी बाई म्हणून मला तो प्रसंग माझ्या काउंटरच्या आत बसून बघितल्यासारखा वाटला. शटर अर्ध्यावर ओढलेलं असताना कुणी आत वाकून बघतं, तेव्हा छातीत काय होतं हे मला ठाऊक आहे. तो प्रसंग संपतो तेव्हा गोष्टीतलं सगळं बदललेलं असतं. माणूस पकडला जातो, फोटो छापला जातो, आणि बायकोच्या मनात पहिला प्रश्न येतो, की याला एवढा अचूक नेम आला कुठनं?

त्याच्या आधी तरस गावात शिरतं तो प्रसंग आहे. पार्थिबन त्याला मारत नाही, काबूत आणतो, पुढं त्याला सुब्रमणी असं नावही मिळतं. पहिल्यांदा बघताना मी त्याला हिरोची एंट्री समजून सोडून दिलं होतं. दुसऱ्यांदा लक्षात आलं, की जनावराला जपणारा हाच माणूस पुढं कॅफेत माणसं मारणार आहे. हे दोन प्रसंग एकमेकांकडं बघतात. दुसऱ्यांदा बघण्याचा हा फायदा.

उत्तरार्धात शत्रू वाढतात. पाचाचे पन्नास होतात. आणि भीती मात्र उतरत जाते, कारण पन्नासांतला एकही चेहरा आपल्याला माहीत नसतो. चॉकलेट कॉफी मागणारा एकटा माणूस त्या पन्नासांना भारी होता. घाटातल्या गाड्यांच्या पाठलागात संगणकाचं काम उघडं पडतं. आंबोली घाटात पावसाळ्यात एसटी वळण घेते तेव्हा तिचं वजन आपल्या मांड्यांना कळतं, पुढच्या सीटची दांडी आपण आपोआप घट्ट धरतो. पडद्यावरच्या गाड्यांना ते वजनच नव्हतं. माझ्या वहीत तिथं ‘सैल’ आहे. पण तो पहिला ‘सैल’ नव्हे. पहिला कुठं आला ते पुढं सांगते.

मारामारीचं श्रेय देताना एक काम आवर्जून करा. नामावली थांबवून वाचा. ‘लिओ’चे स्टंट अन्बरिव यांचे, म्हणजे अन्बुमणी आणि अरिवुमणी या जुळ्या भावांचे. कॅमेरा मनोज परमहंस, संकलन फिलोमिन राज, संगीत अनिरुद्ध. कॅफेतली भीती एकट्या हिरोची नाही. दिवा कुठं ठेवला, कट कधी मारला, संगीत कधी थांबवलं, हे करणारी माणसं वेगळी आहेत. एक नाव बरोबर लिहिलंत तर ‘अप्रतिम’ हा शब्द दहा वेळा लिहावा लागत नाही.

फ्लॅशबॅकची परीक्षा, आणि तंबाखू

या प्रकारच्या सिनेमात सगळ्यात जास्त पडझड होते ती फ्लॅशबॅकमध्ये. म्हणून तिथं घड्याळाकडं जास्त लक्ष ठेवा. किती मिनिटं गेली, आणि एवढ्या मिनिटांत तुम्हाला आधी माहीत नव्हतं असं काय कळलं, हे शेजारी शेजारी लिहा.

‘लिओ’त एका जुन्या साथीदाराच्या तोंडून गतकाळ उलगडतो. दास कुटुंबाचा तंबाखूचा कारखाना, त्याच्या आडून अमली पदार्थांचा धंदा. अँटनी अंधश्रद्धाळू, त्याला नरबळी द्यायचा आहे, आणि बळी जाणार ती त्याची स्वतःची मुलगी, लिओची जुळी बहीण. लिओ उलटतो. आग लागते, लिओ मेला असं सगळ्यांना वाटतं. एवढ्या मोठ्या गोष्टी इतक्या घाईनं येतात की बहिणीशी आपली ओळख व्हायच्या आतच तिच्यासाठी रडायची वेळ येते. माझा पहिला ‘सैल’ इथं आहे. गाणं संपून कारखान्यातली गोष्ट सुरू होते त्या जागी.

हे समजायला लोकेश कनगराजचाच ‘कैदी’ शेजारी ठेवून बघा, २०१९ च्या दिवाळीतला. एका रात्रीची गोष्ट, गाणी नाहीत, नायिका नाही. दहा वर्षं तुरुंगात काढून पोरीला पहिल्यांदा भेटायला निघालेला दिल्ली नावाचा माणूस. त्याचा गतकाळ काय, हे सांगायची वेळ येते तेव्हा दिग्दर्शक मागं जातच नाही. दिल्ली झालेला कार्ती लॉरीत बसून बोलतो आणि आपण त्याच्या तोंडाकडं बघत राहतो. एकही जुनं दृश्य न दाखवता सगळं डोळ्यांपुढं उभं राहतं. तोच दिग्दर्शक, तोच संकलक. म्हणजे यांना येत नाही असं लिहिता येणार नाही. ‘येतं, पण इथं केलं नाही’ असं लिहावं लागेल, आणि ती टीका जास्त खरी आहे.

आता तंबाखूविषयी. माझी आई वखारीत कामाला होती. तंबाखूच्या वखारीत शिरलं की पहिल्यांदा डोळ्यांना लागतो तो खकाणा. चाळणीतनं उडणारी ती तांबूस धूळ. बायका ओळीनं बसलेल्या, पदर नाकावरनं मागं घट्ट बांधलेला, वर नुसते डोळे. संध्याकाळी आई घरी आली की आधी पदर झटकायची, तो बाहेर, वाऱ्याच्या दिशेनं. तरी भाकरीला वास यायचाच. आम्हा भावंडांना लहानपणी तो भाकरीचाच वास वाटायचा. १९८१ साली याच तंबाखूच्या भावासाठी शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले होते, आणि त्या आंदोलनात गोळीबार झाला. निपाणीत तंबाखू म्हणजे पीक, मजुरी, खोकला आणि तो रस्ता, सगळं एकत्र.

म्हणून पडद्यावर तंबाखूचा कारखाना आला तेव्हा मी पुढं सरकून बसले. तिथं पानं होती, पोती होती, आग होती. कुणी खोकलं नाही. कुणाच्या नाकाला फडकं दिसलं नाही. पण सांभाळून, इथं घसरायला होतं. ‘खरा कारखाना असा नसतो’ ही तक्रार लिहायची नाही, सिनेमा माहितीपट नव्हे. मी स्वतःला विचारलं, त्याऐवजी तो साखर कारखाना असता तर गोष्टीत काय बदललं असतं? काहीच नाही. हे लिहायचं. तंबाखू निवडला आणि वापरला नाही. ज्या घरात बाप स्वतःच्या पोरीचा बळी द्यायला निघतो, त्या घराच्या भिंतींना, कपड्यांना, जेवणाला तो वास असता तर मुलगा तिथनं का पळाला हे सांगायला एवढी धावपळ करावी लागली नसती. तो थिओगला कॉफीच्या वासात जाऊन बसला, यालाही मग अर्थ आला असता.

तुमच्या गावाला जे नीट माहीत आहे ते सिनेमात आलं की असंच थांबा. गोकाकचे असाल तर कापडगिरणी आणि धबधबा, संकेश्वरचे असाल तर ऊस, शहापूर-वडगावचे असाल तर हातमाग. त्या जागी तुमच्यासारखं दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही.

सिनेमा आल्यानंतर दिग्दर्शकानं मुलाखतीत असं सुचवलं की तो फ्लॅशबॅक सांगणारा माणूस खरं बोलत असेलच असं नाही. चांगली कल्पना आहे, पण लिहिताना मुलाखतीचा आधार घेऊ नका. जे सांगायचं ते त्या १६४ मिनिटांत यायला हवं. पडद्यावर तशी शंका मला आली नाही, आणि तुम्हाला आली असेल तर कुठल्या दृश्यात आली ते लिहा.

भाच्याला हे सगळं सांगितल्यावर तो बराच वेळ पानं उलटत बसला. मग म्हणाला, “आत्ती, ह्ये कोल्ड शट हाय.” मला माहीत नव्हतं, त्यानं समजावलं. साच्यात दोन बाजूंनी वितळलेल्या धातूचा रस येतो, पण वाटेत गार होतो. दोन्ही धारा एकमेकींना भेटतात पण एकजीव होत नाहीत. वरनं नग अख्खा दिसतो, जोडावर बारीक रेघ असते. ठोकला की तिथंच फुटतो. “पार्थिबनची गोष्ट हिकडनं आली, लिओची तिकडनं. दोनी गार झाल्यावर भेटल्या.” मी वहीत त्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. शेवटी पार्थिबन आपण लिओ आहोत हे कबूल करतो, पण ते अँटनीचा भाऊ हॅरॉल्ड याच्यापुढं, मारामारीच्या मध्ये. ती कबुली सत्याच्या कानावर पडायला हवी होती. प्रश्न तिचा होता.

लिहायला बसल्यावर

आधी गुण, मग दोष, मग ‘एकदा बघायला हरकत नाही’, असं लिहू नका. जिथं मोडला तिथून सुरू करा आणि मग मागं जा. तिथपर्यंत तो कसा उभा होता, ते गुण आपोआप येतात. फसलेल्या भागातलं चांगलंही शोधा, उत्तरार्धात हॅरॉल्ड झालेल्या अर्जुनच्या डोळ्यांत जी थंडी आहे ती शोधली की सापडते.

पाहुणे कलाकार आणि जुन्या सिनेमांचे धागे वेगळ्या पानावर ठेवा. ‘कैदी’तला कॉन्स्टेबल नेपोलियन ‘लिओ’त येतो, शेवटी लोकेशच्याच ‘विक्रम’मधल्या कमल हासनचा आवाज फोनवर येतो. थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. मीही टाळ्या वाजवल्या. पण तो आनंद आधीच्या सिनेमांनी कमावलेला आहे, या सिनेमाच्या खात्यावर तो जमा करायचा नाही. ज्यानं आधीचे दोन बघितलेले नाहीत अशा माणसाला ते दृश्य काय देतं, एवढंच बघा.

शब्द मोजून वापरा. फार वर्षांपूर्वी एका लहानशा साप्ताहिकाला मी असाच एक मजकूर दिला होता. मी लिहिलं होतं, ‘मध्यंतरानंतरची वीस मिनिटं फसली आहेत.’ छापून आलं, ‘सिनेमा सपशेल फसला आहे.’ शेजारच्या गल्लीतल्या एका पोरानं मला स्टँडवर अडवून विचारलं, मावशी, तुम्ही बघितला तरी का? त्याचं काही चुकलं नव्हतं. तेव्हापासून मी वेळ लिहिते. ‘वीस मिनिटं’ लिहिलं की कुणाला ‘सपशेल’ करताना हात अडखळतो. आणि हिरोच्या चाहत्याशी बोलतानाही वेळच कामाला येते. ‘तुझा हिरो वाईट’ म्हटलं की भांडण होतं. अमुक मिनिटाला तुला काय वाटलं, असं विचारलं की तो आठवायला लागतो.

शेवटची गोष्ट, लिहून झाल्यावर एक रात्र तसंच ठेवा आणि सकाळी मोठ्यानं वाचा. जे वाक्य कुठल्याही सिनेमाला लागू पडेल ते खोडा. माझ्या दोन पानांतली पाच-सहा वाक्यं दर वेळी जातात.

भाच्यानं त्याचं पान दिवाळीनंतर, दुसऱ्यांदा सिनेमा बघून झाल्यावर पाठवलं. सुरुवात कॅफेनं, मग कोल्ड शट, मग सत्या. कुठंही ‘पकाव’ नाही. मी एकाच जागी लाल पेन लावलं. घाटातल्या गाड्यांविषयी लिहिताना त्याची वेळ टाकायची राहिली होती. त्यानं ‘लिओ’ परत लावला, गाड्या सुरू होईपर्यंत पुढं नेला, आणि फोनवर मला आकडा सांगितला.